सांत्वन कुणी करायचे? : यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचे एक ख्रिस्ती वाचन

आमच्या घरी दर नाताळच्या सुमारास वचनांचे कॅलेंडर येते. प्रत्येक पानावर डोंगराचे, समुद्राचे नाहीतर सूर्योदयाचे चित्र आणि खाली पवित्र शास्त्रातले एक वचन. गरुडाचे चित्र असेल, तर खाली कोणते वचन असणार हे आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरातले शाळकरी मूलसुद्धा सांगेल. ते यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या शेवटचे असते. परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना नवे बळ मिळते, अशा आशयाचे.

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकोणीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला, तेव्हा भिंतीवर नेमके तेच पान होते. मातीला आलेल्यांपैकी बहुतेकांनी तिला हेच वचन ऐकवले. काहींनी यिर्मयाचे ऐकवले, देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत ते. तिसऱ्या दिवशी अक्काने कॅलेंडर उलटे करून टांगले, चित्र भिंतीकडे आणि पाठ आमच्याकडे. म्हणाली, "आता मला कुणी वचन सांगू नका." घरात कुजबुज झाली. विश्वास डळमळला, असे कुणीतरी म्हणाले. मीही मनातून दुखावलो होतो.

मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. शिक्षण बेताचे, हिब्रू भाषेचे अक्षरही ठाऊक नव्हते. पण ज्या वचनाने धीर यायला हवा त्यानेच अक्का का दुखावली, हा प्रश्न मला सोडेना. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेले एक व्याकरण, एक कोश आणि मराठी बायबलची निरनिराळी भाषांतरे एवढ्या सामग्रीवर मी चाळिसाव्या वर्षी हिब्रू गिरवायला बसलो. या अध्यायापाशी इतकी वर्षे घालवल्यावर जे हाती लागले, ते पुढे मांडतो. थोडक्यात सांगायचे, तर हा अध्याय दुःखिताला उद्देशून सुरूच होत नाही. तो सुरू होतो दुःखिताच्या भोवतीच्या माणसांना उद्देशून. आम्ही तो चुकीच्या माणसाला वाचून दाखवत आलो.

दोन पानांमधली दीडशे वर्षे

यशयाच्या पुस्तकाचे ६६ अध्याय आहेत. आमोजाचा पुत्र यशया हा इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला यरुशलेमचा संदेष्टा. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमवर चालून आला, त्याची हकिकत ३६ आणि ३७ या अध्यायांत आहे. ३९व्या अध्यायात बाबेलहून आलेल्या वकिलांना हिज्कीया राजा आपले भांडार दाखवतो आणि यशया त्याला बजावतो की, हे सगळे एक दिवस बाबेलला वाहून नेले जाईल. तिथे अध्याय संपतो. पान उलटले की चाळिसावा अध्याय सुरू होतो आणि सूरच पालटलेला असतो. जे वाहून जाणार होते ते वाहून गेले आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये पहिली हद्दपारी झाली. ५८६ मध्ये नबुखद्नेस्सरच्या सैन्याने मंदिर जाळले आणि नगर पाडले. आता बोलणाऱ्याच्या समोर बाबेलात वाढलेली पिढी आहे. थोडे पुढे, ४४व्या आणि ४५व्या अध्यायांत पारसाच्या कोरेश राजाचे नावच येते. या कोरेशाने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतले.

म्हणजे दोन पानांच्या मध्ये सुमारे दीडशे वर्षे आहेत. बाराव्या शतकातला यहुदी भाष्यकार इब्न एझ्रा याने याविषयी सूचक इशारा देऊन ठेवला होता. जर्मन अभ्यासक बर्नहार्ड डूम याच्या १८९२ च्या भाष्यानंतर चाळिसाव्या अध्यायापासूनच्या अनामिक कवीला 'दुसरा यशया' म्हणण्याची रीत पडली. आमच्यातल्या कित्येकांना हे ऐकवत नाही. संदेष्ट्याला पुढचे दिसते यावर विश्वास असेल, तर दुसरा यशया हवा कशाला, असे ते विचारतात. त्या वादात मी इथे शिरत नाही. भाकीत म्हणून वाचा नाहीतर समकालीन हाक म्हणून वाचा, शब्द उद्देशून आहेत ते घर गमावलेल्या माणसांना, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. आणि ३९व्या अध्यायातला तोटा वगळून थेट चाळिसाव्यातला धीर उचलता येत नाही, हे दोघांनाही मान्य करावे लागते.

ही माणसे बेड्यांत खितपत पडली होती, असेही नाही. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर यहूदाचा बंदिवान राजा यहोयाखीन याला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. खेड्यापाड्यांत वसवलेले यहुदी शेती करत होते, करार करत होते, मुलांची नावे ठेवत होते. यिर्मयाने त्यांना पत्र लिहून घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, असे सांगितलेच होते. पोट भरत होते, जखम दुसरीकडे होती. ती या अध्यायाच्या २७व्या वचनात उघडी पडते. आपली वाट देवाला दिसत नाही, आपला न्याय त्याच्या लक्षातून निसटला आहे, अशी त्या लोकांची तक्रार आहे. परमेश्वर आपल्याला विसरला, हे त्यांचे खरे दुःख होते.

शब्दाची घडण

अध्यायाचा पहिलाच शब्द 'नहमू'. तो लागोपाठ दोनदा येतो. त्याचा धातू 'नहम'. मराठी भाषांतरांनी त्यासाठी 'सांत्वन' हा शब्द घेतला आहे. इथे मुद्रितशोधकाच्या नजरेने पाहिले, तर एक साधी गोष्ट दिसते. हे क्रियापद आज्ञार्थी आहे आणि अनेकवचनी आहे. देव 'मी सांत्वन करतो' असे म्हणत नाही, आणि 'शांत हो' असेही नाही. तो कुणा अनेकांना 'तुम्ही करा' म्हणतो. हे 'तुम्ही' कोण, ते हिब्रू संहिता सांगत नाही. आलेक्सांद्रियातल्या ग्रीक भाषांतरकारांना ही मोकळी जागा खटकली असावी. त्यांनी दुसऱ्या वचनात 'याजकांनो' असे संबोधन घातले. काही अभ्यासक म्हणतात की ही आज्ञा स्वर्गीय सभेला आहे, काही म्हणतात संदेष्ट्यांना. मला ही जागा मोकळी राहिलेलीच बरी वाटते. ज्याच्या कानावर ती पडेल त्याला ती लागू.

या आज्ञेमागे एक जुनी तक्रार आहे. यरुशलेमच्या विनाशानंतरचे 'विलापगीत' हे छोटे पुस्तक नगरीला रात्रभर रडणाऱ्या विधवेच्या रूपात उभे करते. त्याच्या पहिल्याच अध्यायात, सांत्वन करणारा कुणी नाही, हे दुःख थोड्याफार फरकाने पाच वेळा येते. 'सांत्वन करणारा' यासाठी तिथे 'मेनहेम' हा शब्द आहे, त्याच धातूपासून झालेला. चाळिसाव्या अध्यायाचा आरंभ या पाच हाकांना दिलेले उत्तर आहे. पन्नासेक वर्षे उशिरा आलेले, पण ऐकले होते हे सांगणारे.

'माझ्या लोकांचे' या अर्थी आलेला 'अम्मी' हा शब्दही असाच जुना हिशेब मिटवतो. होशेय संदेष्ट्याने देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचे नाव 'लो-अम्मी', म्हणजे 'माझे लोक नव्हे', असे ठेवले होते. ते नाव इथे पुसले जाते.

दुसऱ्या वचनात यरुशलेमशी कसे बोलायचे तेही सांगितले आहे. शब्दशः पाहिले तर 'हृदयावर' बोलायचे. हा वाक्प्रयोग 'नहम' धातूच्या जोडीने आणखी दोन ठिकाणी येतो. योसेफ आपल्याला विकणाऱ्या भावांना अभय देतो तिथे, आणि परक्या मुलुखात दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी विधवा रूथ बवाजाचे आभार मानते तिथे. दोन्ही ठिकाणी नुसते शब्द नाहीत. योसेफ भावांच्या मुलाबाळांना पोसण्याची हमी देतो. बवाज रूथला पाणी देतो, संरक्षण देतो आणि पुढे जेवायला बसवतो. मराठीतला 'दिलासा' हा फारसीतून आलेला शब्द मला इथे 'सांत्वना'पेक्षा जवळचा वाटतो, त्यात 'दिल' तरी शाबूत आहे.

यिर्मयाच्या सोळाव्या अध्यायातला उल्लेख तर थेट स्वयंपाकघरातला आहे. शोक करणाऱ्यासाठी भाकर मोडणे आणि सांत्वनाचा प्याला देणे हा त्या काळचा रिवाज होता, आणि तिथेही हाच धातू आहे. मृताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी अन्न न्यायचे. आपल्याकडे यालाच कडू घास म्हणतात. 'नहम' या शब्दाला हा वास आहे. पिठलं-भाकरीचा डबा घेऊन दारात उभा राहिलेला शेजारी डोळ्यांपुढे आणला की हा आज्ञार्थ कळतो.

हेच एका निराळ्या रीतीने १७४२ मध्ये डब्लिनला घडले. हँडेलच्या 'मसीहा' या संगीतकृतीचा पहिला गायनभाग याच अध्यायाच्या आरंभीच्या वचनांवर बेतलेला आहे. तिच्या पहिल्या जाहीर प्रयोगाचे उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी दिले गेले. सुरांनी भारावून घरी गेलेल्या श्रोत्यांपेक्षा त्या दिवशी आज्ञा पाळली ती या पैशांनी, असे मला वाटते.

खोटे सांत्वन

सांत्वन खोटेही असू शकते, हे हिब्रू संदेष्ट्यांना पक्के ठाऊक होते. जखऱ्या फोल सांत्वन करणाऱ्या स्वप्नद्रष्ट्यांना फटकारतो. ईयोबाच्या मित्रांनी केलेले सर्वांत चांगले काम म्हणजे ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी ते सगळे घालवले. यिर्मयाच्या २८व्या अध्यायातला हनन्याचा प्रसंग तर प्रत्येक धर्मोपदेशकाने पाठ करावा असा आहे. मंदिरातली लुटलेली भांडी आणि नेलेली माणसे दोन वर्षांत परत येतील, असे हनन्या भर मंदिरात जाहीर करतो. यिर्मया आधी 'आमेन' म्हणतो, तसे खरोखर होवो अशी इच्छा बोलून दाखवतो. ही त्याची माणुसकी. मग तो सांगतो की हे खरे नाही. लगेच पुढच्या अध्यायात त्याचे हद्दपारांना लिहिलेले पत्र येते आणि त्यात मुदत दिलेली आहे सत्तर वर्षांची.

आमच्या कॅलेंडरवरचे दुसरे लाडके वचन याच पत्रातले. हिताच्या संकल्पांचे वचन अकरावे. सत्तर वर्षांचा आकडा त्याच्या आधीच्या, दहाव्या वचनात आहे. दहावे वचन मी कुठल्याही कॅलेंडरवर पाहिलेले नाही. ते पत्र ऐकणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला कळले असेल की परतीचा रस्ता आपल्यासाठी नाही, झालाच तर नातवंडांसाठी आहे. तरीही त्याने बाग लावायची होती. त्या वचनात जो धीर आहे तो हा आहे. दहावे कापून अकरावे हातात दिले की यिर्मयाच्या शाईने हनन्याचा निरोप लिहिला जातो.

सांत्वन नाकारण्याचा अधिकारही शास्त्र मान्य करते. योसेफ मेला असे समजून याकोब सांत्वन करून घ्यायला नकार देतो. यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात मुलांसाठी रडणारी राहेल तसाच नकार देते. तिथे देव तिला दोष देत नाही, मुले परत येतील असे सांगतो. मत्तयाने बेथलेहेमच्या बालहत्येच्या प्रसंगी राहेलचे हे रडणे उद्धृत केले आहे. मला थक्क करते ते हे की, मत्तयाने तिचा नकार तेवढा घेतला आणि त्यापुढचे आश्वासन सोडून दिले. हेरोदाच्या शिपायांनी मारलेली मुले परत येणार नव्हती. शुभवर्तमान लिहिणाऱ्याने त्या आयांच्या तोंडी वचन कोंबले नाही. उलटे टांगलेले कॅलेंडर मला या ओळीत बसलेले दिसते.

गवत, गळालेला मजकूर आणि चालणे

मग चाळिसाव्या अध्यायातले सांत्वन खरे कशावरून? ते तोट्याकडे डोळेझाक करत नाही यावरून. सहाव्या वचनात एक वाणी 'घोषणा कर' म्हणते. उत्तर येते, काय घोषणा करू? सगळा देह गवत आहे. पारंपरिक हिब्रू संहितेत हे उत्तर 'तो म्हणाला' असे दिले आहे. ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळच्या गुंडाळीत ते 'मी म्हणालो' असे आहे. दुसरा पाठ धरला तर हा संदेष्ट्याचाच कंठ दाटला आहे. ज्याला सांत्वन करायला पाठवले त्याच्याकडेच शब्द नाहीत.

मृत समुद्राजवळ कुमरान इथे १९४७ मध्ये सापडलेली यशयाची गुंडाळी सात मीटरांहून लांब आहे आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली मानली जाते. चाळिसावा अध्याय तिच्यात एका स्तंभाच्या शेवटच्या ओळीवर, मध्ये काही मोकळे न सोडता सुरू होतो. सात-आठ वचनांपाशी मात्र एक गंमत आहे. गवत वाळते आणि फूल कोमेजते, हे शब्द मूळ हिब्रूत दोनदा येतात. लेखनिकाने पहिल्यांदा ते लिहिले आणि मधला मजकूर सोडून थेट दुसऱ्या ठिकाणच्या पुढे गेला. आमच्या धंद्यात हा नेहमीचा अपघात. सारख्या शब्दांवर डोळा घसरतो आणि ओळ गळते. ग्रीक भाषांतरातही हा मजकूर नाही, त्यामुळे तो मूळचा की मागून आलेला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे कुणा दुसऱ्या हाताने तो गुंडाळीत ओळीच्या वर आणि समासात उभा लिहून घातला. देवाचे नाव न लिहिता त्या जागी चार ठिपके दिले. जो मजकूर असा परत घातला, त्यातच लोक म्हणजे गवतच, हे कटू विधान आहे. दुरुस्ती करणाऱ्याला वाटले असते, तर सांत्वनाच्या अध्यायातून ते गळालेलेच बरे, असे म्हणून तो पुढे गेला असता. त्याने ते परत आणले. देवाचे वचन टिकते हे ऐकण्याआधी आपण टिकत नाही हे ऐकावे लागते, हे त्याला कळत असावे.

त्यानंतर येते ती सामर्थ्याची भाषा. समुद्र ओंजळीत मोजणारा देव, तारे नावानिशी हाकारणारा देव. आणि या सगळ्याच्या आधी, अकराव्या वचनात, कोकरे उराशी धरून चालणारा मेंढपाळ. याच विभागात मूर्ती घडवणाऱ्यांचा उपहासही आहे, आणि ४६व्या अध्यायात जनावरांवर लादून न्यावे लागणारे बाबेलचे देव आहेत. यहुदी लोकांना मात्र त्यांचा देव गर्भापासून केस पिकेपर्यंत स्वतः वाहून नेतो. या उपहासाविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी वादविवादांत हेच युक्तिवाद इथल्या लोकांच्या देवांविरुद्ध वापरले गेले. बाबेलमधले शब्द हरलेल्यांचे होते. जेत्यांच्या साम्राज्याच्या देवाला, ज्याच्या मिरवणुका रोज डोळ्यांपुढून जात होत्या त्याला, हरलेले लोक घरातल्या घरात हसत होते. तेच शब्द राज्यकर्त्यांच्या पाठबळाने आलेल्यांच्या तोंडी गेले की त्यांतला धीर निघून जातो आणि तोरा उरतो. ख्रिस्ती वाचकाने हे आपल्या घरचे म्हणून कबूल करावे.

आता ते गरुडाचे वचन. 'वाट पाहणे' यासाठी हिब्रू धातू आहे 'कावा'. त्याच्याशी जोडलेले नाम 'तिकवा' म्हणजे आशा. यहोशवाच्या पुस्तकात राहाब खिडकीला बांधते त्या किरमिजी दोरीसाठीही हाच 'तिकवा' शब्द आहे. वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे असा अर्थ यातून निघत नाही, पीळ घातलेल्या दोरीचा ताण त्यात ऐकू येतो. 'नवे बळ' मिळण्यासाठीचे क्रियापद बदलून घेण्याचे आहे. तुरुंगातून फारोसमोर जाताना योसेफ कपडे बदलतो, तिथे त्याच धातूचे रूप आहे. आपले बळ वाढत नाही, संपलेले देऊन दुसऱ्याचे घ्यायचे असते. पक्ष्याचे नाव 'नेशेर'. बरेच अभ्यासक त्याला गिधाड मानतात, कारण मीखा त्याच्या टकलाचा उल्लेख करतो.

सगळ्यांत महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी उडणे, मग धावणे, शेवटी चालणे. कोणताही वक्ता हा क्रम उलटा लावेल आणि उड्डाणावर टाळ्या घेईल. हा कवी चालण्यावर थांबतो. बाबेलहून यरुशलेमला उडत जाता येणार नव्हते, मुलेबाळे घेऊन शेकडो मैल चालायचे होते. मुलगा गेलेल्या घरात पहाटे उठून चूल पेटवणे हे त्या शेवटच्या क्रियापदाच्या हिश्शातले काम आहे. कॅलेंडरवाल्यांनी चित्र काढायचेच तर धुळीने भरलेल्या पायांचे काढावे.

ख्रिस्ती वाचक कुठे उभा राहतो?

इथवर ख्रिस्ताचे नाव फारसे आले नाही, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. ते मी जाणून केले. चारही शुभवर्तमाने या अध्यायातले तिसरे वचन बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला लावतात. हिब्रू रचनेनुसार 'अरण्यात' हा शब्द रस्ता तयार करण्याकडे जातो. शुभवर्तमानांत तो ओरडणाऱ्याकडे गेला आहे. कुमरानच्या पंथाने हेच वचन आपल्या अरण्यवासाला लावले होते. म्हणजे येशूच्या काळी या अध्यायाची वाट पाहणारे अनेक होते. लूक म्हातारा शिमोन याची ओळखच अशी करून देतो की, तो इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहत होता. त्याच्या हातात बाळ येते, तेव्हा त्याची वाट संपते. आमचा विश्वास असा की या अध्यायातला मेंढपाळ त्या बाळाच्या रूपाने आला. हा विश्वास मी सोडलेला नाही.

ग्रीक भाषांतराने 'नहमू'साठी जे क्रियापद वापरले, त्याच धातूपासून योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला दिलेले नाव झाले आहे. मराठी बायबलमध्ये तिथे 'कैवारी' हा शब्द आहे. यशयात सांत्वन आणि योहानात कैवारी, त्यामुळे हे नाते मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. पण 'कैवारी' शब्दाने एक अर्थ उजळला आहे. सांत्वन करणारा तो, जो आपली बाजू घेऊन उभा राहतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी, तिसऱ्यापासून सातव्या वचनापर्यंत, हा धातू दहा वेळा येतो. पौलाचे म्हणणे एवढेच की, आम्हाला धीर मिळतो तो दुसऱ्याला देता यावा म्हणून. 'नहमू'चा अनेकवचनी आज्ञार्थ इथे पोहोचला आहे.

धोका आहे तो 'माझे लोक' या शब्दांत. ते लोक कोण? दुसऱ्या शतकात मार्सियनने हिब्रू शास्त्रच टाकून दिले. इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला दूर केले. पण सांत्वने तेवढी मंडळीची आणि शाप तेवढे यहुद्यांचे, ही वाटणी पुढे शतकानुशतके चालली. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात 'जर्मन ख्रिस्ती' गटाच्या राइनहोल्ड क्राउझेने जुन्या करारापासून सुटका करून घेण्याची मागणी केली. तिचा शेवट कुठे झाला ते जगाने पाहिले. त्याच देशात डीट्रिख बोनहॉफर हा पाळक हिटलरच्या तुरुंगात जुना करार वाचत होता. १९४३ च्या डिसेंबरात, नाताळपूर्व आगमनकाळात, त्याने पत्रात लिहिले की, घाईघाईने नव्या करारापाशी पोहोचू पाहणे त्याला ख्रिस्तीपणाचे वाटत नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिले.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात कलमाची उपमा वापरली आहे. रानटी जैतुनाची फांदी मूळ झाडावर बांधली गेली, तर तिने मिजास करू नये. ती मुळाला पोसत नाही, मूळ तिला पोसते. कोकणात आंब्याची कलमे बांधणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. खुंट तोडला तर कलम वाळते. या अध्यायातला धीर आम्हाला लाभतो तो यहुदी लोकांच्या दुःखावर बांधला जाऊन. त्यांचे दुःख तोडून टाकले, तर आमच्या हाती गरुडाचे चित्र तेवढे राहते.

त्या खुंटाची एक फांदी आपल्या कोकणातच आहे. यरुशलेमच्या मंदिराच्या विनाशाचा उपास यहुदी लोक आव महिन्याच्या नवमीला करतात. बेने इस्राएलांनी त्याला मोड आलेल्या कडधान्याच्या कालवणावरून 'बिरड्याचा सण' असे मराठी नाव दिले. त्या उपासानंतर येणारा शब्बाथ 'नहमू'चा शब्बाथ म्हणून ओळखला जातो आणि जगभरच्या सिनेगॉगांत त्या दिवशी हाच चाळिसावा अध्याय वाचतात. ख्रिस्ती मंडळ्या तो नाताळच्या आधी वाचतात. त्यांचे वाचन विनाशाच्या आठवणीनंतर, आमचे जन्माच्या आनंदाआधी. पाठ एकच. त्यांचा उपास न विसरता आमचा सण करता आला, तर तो वाचल्यासारखा होईल.

निरोप आणणारी

नवव्या वचनात शुभवार्ता घेऊन डोंगरावर चढणाऱ्यासाठी 'मेवस्सेरेत' हा शब्द आहे. तो स्त्रीलिंगी आहे. सियोन नगरीच ही वार्ता सांगते आहे, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तो घेतला, तर विलापगीतात जिला सांत्वन करणारा कुणी नव्हता तीच विधवा इथे इतर गावांना धीर देण्यासाठी डोंगर चढते आहे.

या स्त्रीलिंगापाशी मला पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील, बहीण, भाऊ, पती असे एकेक माणूस गमावलेल्या या बाईंनी १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतल्या अनाथ मुली केडगावला आणून त्यांना अन्न आणि छप्पर दिले. मग मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. केडगावच्या छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापलेले ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. 'नहमू'ला मराठी शब्द देणाऱ्या बाईंनी ते क्रियापद आधी दुष्काळात गिरवले होते. माझ्यासारख्या घरी बसून हिब्रू शिकलेल्याला त्यांच्या पानांवर बोट ठेवताना संकोच वाटतो.

अक्का आता सत्तरीला आली. ते वर्ष संपल्यावर तिने कॅलेंडर काढले, पुन्हा लावले नाही. रविवारी देवळात जाते. गल्लीत कुणाच्याही घरी, कुठल्याही जातीधर्माच्या, माणूस गेले की पिठलं-भाकरीचा पहिला डबा तिचा असतो. डबा ठेवते, बाईच्या शेजारी बसते, बोलत नाही. मागच्या पावसाळ्यात अशाच एका घरून परत आल्यावर तिने मला विचारले, "एवढी वर्षं त्या एका अध्यायात काय शोधतोस रे?" मी तिला आज्ञार्थ, अनेकवचन, सगळे जमेल तसे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि डबा घासता घासता म्हणाली, "म्हणजे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलंय. मग घरातल्या बाईला कशाला वाचून दाखवता?"